गोळीची वेळ सांभाळणारी डबी: आईच्या कंपवातासाठी वापरलेल्या एका यंत्राचे परीक्षण

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन आजाराचे, निदान झाले की घरातल्यांचे लक्ष सर्वप्रथम थरथरणाऱ्या हाताकडे जाते आणि खरेदीही त्याच दिशेने सुरू होते. जड दांड्याचे चमचे, दोन कानांचे पेले, बटणे लावण्याचे हूक असे पुष्कळ काही सुचवले जाते. या वस्तू पुढे केव्हातरी लागतील, हे मी नाकारत नाही. परंतु सुरुवातीच्या टप्प्यातला कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो, हात कामाला लागला की तो बराच कमी होतो, आणि काही रुग्णांना तर कंप जवळजवळ नसतोच, हालचालींतला मंदपणा व स्नायूंचा ताठरपणा हीच त्यांची मुख्य तक्रार असते. माझ्या आईच्या बाबतीत या काळात सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू म्हणजे ठरलेल्या वेळी गजर वाजवून त्या वेळेपुरत्याच गोळ्या बाहेर देणारी स्वयंचलित डबी. हे तिचे परीक्षण आहे. अशा डब्या अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची मूळ रचना सारखीच असते, त्यामुळे येथे लिहिलेले बहुतेक सगळे त्या संपूर्ण प्रकाराला लागू पडेल.

डबी गोल आणि पसरट आहे. आत एक चकती असून तिच्या कडेने २८ कप्पे आहेत; वरचे झाकण किल्लीने बंद होते आणि त्याला एकाच कप्प्याएवढी फट असते. दिवसातून चार वेळा औषध असेल तर एकदा भरलेली डबी ७ दिवस पुरते, तीन वेळा असेल तर ९ दिवस. वेळ झाली की चकती एक घर पुढे सरकते, गजर वाजतो, दिवा लुकलुकतो आणि डबी उलटी करून गोळ्या ओतून घेईपर्यंत हे चालू राहते. मला सर्वांत पटलेली गोष्ट पुढची आहे: ठरवून दिलेल्या मुदतीत गोळ्या काढल्या नाहीत, तर चकती पुढे फिरते तेव्हा तो कप्पा झाकणाखाली निघून जातो. राहून गेलेला डोस आणि पुढचा डोस एकाच वेळी हातात पडत नाहीत. साध्या कप्प्यांच्या डबीत सकाळचा कप्पा भरलेला दिसला की दुपारी दोन्ही एकदम घेण्याचा मोह होतो, तो येथे यंत्रच टाळते.

ही एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी, असा प्रश्न आमच्याही घरात विचारला गेला, आणि त्याचे उत्तर औषधातच आहे. कंपवातात मेंदूतील डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे संदेशवाहक रसायन, बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस उपचारात आलेले लेव्होडोपा हे आजही या आजाराच्या हालचालींच्या लक्षणांवरचे सर्वांत परिणामकारक औषध आहे, पण ते रक्तात फार काळ टिकत नाही. कार्बिडोपा या त्याच्यासोबत दिल्या जाणाऱ्या साहाय्यक औषधाच्या जोडीने दिले तरी साधारण दीड तासात त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. सुरुवातीच्या काळात उरलेल्या पेशी डोपामाइन साठवून ठेवून पुरवून पुरवून वापरतात, त्यामुळे गोळीला तासभर उशीर झाला तरी रुग्णाला विशेष फरक जाणवत नाही. पुढे ही साठवण्याची ताकद घटते आणि पुढच्या गोळीची वेळ येण्याआधीच आधीच्या गोळीचा असर उतरू लागतो. तेव्हा वेळेची चूक चालण्यात, बोलण्यात, कुशीवर वळण्यातसुद्धा लगेच दिसते. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यसेवेची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या गुणवत्ता-मानकात रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात असलेल्या कंपवाताच्या रुग्णाला लेव्होडोपा ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळावे असे म्हटले आहे, यावरून वेळेचे महत्त्व लक्षात यावे.

मग सुरुवातीलाच हे यंत्र घेण्याची घाई का करावी? माझे मत असे आहे की सुरुवातीलाच घ्यावे. उशीर खपून जातो त्या काळात सवय लावणे सोपे असते. आई स्वतः यंत्र समजून घेऊ शकते, गजराचा आवाज निवडू शकते, नको असेल तर नको म्हणू शकते. दोन-चार वर्षांनी, हालचाली अधिक अवघड झाल्यावर, एक अनोळखी वस्तू तिच्यासमोर ठेवून आता ही वापर म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वेळेवर गोळी घ्यायची राहते म्हणजे आईला विस्मरण होऊ लागले, असा निष्कर्ष नातेवाईक फार लवकर काढतात. या आजारात स्मरणशक्ती शाबूत असलेल्या माणसालाही हातातले काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळणे, स्वतःहून एखादी कृती सुरू करणे अवघड जाऊ शकते. गोळी घ्यायची आहे हे तिला पक्के ठाऊक असते. उठून घेण्याची सुरुवात होत नाही. बाहेरून मिळालेला इशारा अशा वेळी खरोखर मदत करतो. फिजिओथेरपिस्ट पाऊल अडखळणाऱ्या रुग्णाला जमिनीवर पट्ट्या आखून देतात किंवा ठेक्यावर चालायला लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. गजराकडे मी याच दृष्टीने पाहते, आणि म्हणूनच त्याचा आवाज कर्कश असण्यापेक्षा ओळखीचा व न थांबणारा असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमच्या डबीत आवाजाचे चार प्रकार आहेत आणि आईने त्यातला सर्वांत खालच्या पट्टीचा निवडला आहे.

आता त्रुटींकडे येते, कारण त्या विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी त्रुटी डबी उलटी करण्याच्या कृतीत आहे. ज्या आजारात मनगट वळवणे जड जाते, त्या आजाराच्या रुग्णाच्या हाती दिले जाणारे यंत्र मनगट वळवूनच चालते, हे मला आजही पटत नाही. आई दोन्ही हातांनी डबी उचलते, छातीजवळ आणते आणि हळूहळू झुकवते. गोळ्या फटीतून घरंगळतात, पण अर्धी केलेली छोटी गोळी कधी कधी कप्प्याच्या कोपऱ्यात अडकून राहते आणि डबीवर बोटाने टिचकी मारावी लागते. डबी उलटी झाल्याचे यंत्राला कळते आणि गजर थांबतो, आतली अर्धी गोळी मात्र तेथेच असते. यावर उपाय म्हणून डबी बसवण्याची एक झुलती चौकट स्वतंत्रपणे मिळते. तिची कड एका हाताने खाली दाबली की डबी आपोआप कलते आणि गोळ्या समोर ठेवलेल्या वाटीत पडतात. माझा स्पष्ट सल्ला आहे की ही चौकट डबीबरोबरच घ्यावी. तिच्यावाचून या डबीची मी शिफारस करणार नाही. वाटीही उथळ, जड बुडाची आणि आतून गडद रंगाची असावी, म्हणजे पांढरी गोळी चटकन दिसते. कंपवातात फिकट रंगांतला फरक ओळखण्याची क्षमता कमी होऊ शकते, त्यामुळे पांढऱ्या वाटीतली पांढरी गोळी राहून जाण्याची भीती खरी आहे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या पुस्तिकेत कोठेही नव्हती, ती म्हणजे डबी कोठे ठेवावी. गजर आतल्या खोलीत वाजला तर बसलेले माणूस घाईने उठते. कंपवातात, आणि त्यावरच्या औषधांमुळेही, उभे राहताच रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. त्यात मागे सतत वाजणाऱ्या गजराची घाई असेल तर पडण्याचा धोका वाढतो. शिवाय चालताना दुसरे काही करणे या आजारात अवघड असते. एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात गोळ्या घेऊन चार पावले टाकणे म्हणजे एका वेळी तीन कामे करणे होय. म्हणून डबी, वाटी आणि पाण्याची झाकणाची बाटली हे तिन्ही आई दिवसाचा बराच वेळ जेथे बसते त्याच खुर्चीशेजारच्या टेबलावर असायला हवे, तेही ज्या बाजूचा हात अधिक चांगला चालतो त्या बाजूला. कंपवाताची सुरुवात बहुधा शरीराच्या एका बाजूने होते, त्यामुळे ही बाजू ठरवणे कठीण नसते. सरळ बसून, घोटभर पाणी आधी पिऊन, मग गोळी घेण्याची पद्धत आम्ही यातूनच बसवली आणि यंत्राएवढाच उपयोग या मांडणीचा झाला आहे.

तिसरी बाब औषधांच्या साठवणीची आहे आणि ती गंभीर आहे. यंत्र विकणारे सांगतात की सर्व गोळ्या यात ठेवता येतात. तसे नाही. काही गोळ्या ओलाव्याने किंवा प्रकाशाने खराब होतात आणि त्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात असे त्यांच्या पाकिटावर लिहिलेले असते. पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळ्या तर हवेतला ओलावा सहज शोषतात. म्हणून डबी भरण्यापूर्वी प्रत्येक औषधाचे नाव घेऊन औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. यावर तोडगा म्हणून काही जण स्ट्रिप कात्रीने कापून वेष्टनासकट एकेक गोळी कप्प्यात टाकतात, ते मात्र कृपया करू नये. कापलेल्या तुकड्याच्या कडा धारदार असतात आणि वेष्टनासकट गोळी गिळली गेल्यास अन्ननलिकेला इजा होऊ शकते. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या दीर्घ परिणामाच्या गोळ्या कप्प्यात मावत नाहीत म्हणून तोडणे किंवा कुटणे हेही तितकेच चुकीचे आहे, कारण त्यामुळे काही तासांत सावकाश मिळायचे औषध एकदम शरीरात जाते.

वेळा बसवण्याचे काम यंत्राचे असले तरी वेळा ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. लेव्होडोपा लहान आतड्यात शोषले जाते आणि तेथे प्रथिनांतून येणाऱ्या अमिनो आम्लांशी त्याची स्पर्धा होते, म्हणून बऱ्याच रुग्णांना जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी किंवा तासभर नंतर ते घ्यायला सांगतात. सुरुवातीला मळमळ होत असेल तर थोडेसे काही खाऊन घ्यायलाही सांगितले जाते. लोहाच्या गोळ्यांमुळे त्याचे शोषण कमी होते, त्यामुळे त्यांची वेळ वेगळी ठेवावी लागते. आमच्या डबीत एका कप्प्यात एका वेळेच्या सगळ्या गोळ्या एकत्र जातात, म्हणून लोहाच्या गोळीसाठी पाचवी वेळ बसवावी लागली आणि मग २८ कप्पे सहा दिवसही पुरेनात. ज्यांना रक्तदाब, थायरॉइड, बद्धकोष्ठता अशी बरोबरीची औषधे आहेत त्यांनी विकत घेण्यापूर्वी कागदावर दिवसाच्या सगळ्या वेळा मांडून कप्प्यांचा हिशेब करावा.

चुकलेल्या डोसचे काय करायचे, हेही डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. यंत्र तो कप्पा बंद करते, पण पुढे काय करायचे ते सांगत नाही. मनाने दुप्पट गोळ्या घेणे जसे धोक्याचे, तसेच कंपवाताची औषधे मनाने अचानक बंद करणेही धोक्याचे असते. त्यातून तीव्र ताठरपणा आणि तापासह गंभीर स्थिती उद्भवू शकते.

मोबाइलवर संदेश येण्याच्या सोयीबद्दल माझे मत संमिश्र आहे. गोळ्या मुदतीत काढल्या नाहीत तर माझ्या फोनवर सूचना येते. कामावर असताना याचा दिलासा मोठा आहे आणि त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. परंतु यंत्राला एवढेच कळते की डबी उलटी झाली. गोळी तोंडात गेली, टेबलाखाली पडली की पेल्यात विसरली गेली, हे त्याला कळत नाही. जाहिरातीत मात्र औषध घेतल्याची खात्री असे शब्द असतात. ते शब्द बदलायला हवेत, कारण त्या खात्रीवर विसंबून दूर राहणारी मुले निश्चिंत होतात. टेबलाखाली एक हलक्या रंगाची सतरंजी अंथरणे टाळावे आणि रोज संध्याकाळी एकदा जमिनीवर नजर टाकावी, एवढे तरी कोणीतरी करायलाच हवे.

संदेशाच्या सोयीपेक्षा मला मोलाचा वाटलेला परिणाम वेगळा आहे. यंत्र येण्यापूर्वी आमच्या दोघींच्या बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा गोळीच्या चौकशीने होत असे. कामावरून फोन केला, खोलीत डोकावले, तरी पहिला प्रश्न तोच. आई त्या प्रश्नाला उत्तर देत असे, पण तिच्या आवाजातला त्रास मला ऐकू येई. कंपवातात आवाज हळू आणि एकसुरी होत जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी दिसतात, त्यामुळे रागावलेले माणूसही बाहेरून शांत भासते आणि आपण विचारतच राहतो. आता वेळेची आठवण यंत्र करते, यंत्रावर रागावायचे असेल तर ती खुशाल रागावते, आणि आमच्या वाट्याला इतर बोलणी आली आहेत: तिने वाचलेले, तिला पडलेले प्रश्न, तिच्या व्यायामाच्या वर्गातल्या मैत्रिणी. एका जुन्या वहीत तिचे आताचे बारीक होत गेलेले अक्षर आणि पूर्वीचे ठसठशीत अक्षर एकाच पानावर आले होते, त्यावर आम्ही दोघी मोकळेपणाने बोललो. औषधाची चौकशी मध्ये असती तर ते बोलणे झाले नसते, असे मला मनापासून वाटते.

किल्लीबाबत मात्र सावध राहावे. काही घरांत डबीची किल्ली मुलगा किंवा सून स्वतःकडे ठेवते. ज्यांना गोंधळ होतो, एकच डोस पुन्हा पुन्हा घेतला जातो, अशा रुग्णांसाठी ते आवश्यक असेल. पण सुरुवातीच्या कंपवातात, आपले औषध समजणाऱ्या माणसाच्या गोळ्या कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याने बाळगणे मला अपमानकारक वाटते. आमच्याकडे किल्ली आईकडे आहे आणि डबीही तीच भरते. मी शेजारी बसून यादी वाचते. त्याला वेळ लागतो, बोटांना छोटी गोळी उचलायला वेळ लागतो, चकतीवरचे आकडे बारीक असल्याने मध्येच मोजणी चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून यावे लागते. तरीही हे काम मी माझ्याकडे घेतलेले नाही. बारीक वस्तू उचलून नेमक्या जागी ठेवण्याचा सराव हातांना हवाच असतो, आणि आपण काय घेतो आहोत यावर तिची नजर राहते. चकतीवरचे आकडे मोठे आणि ठळक करणे उत्पादकांना सहज शक्य आहे. वाराच्या नावांची वेगळी कडी मिळते, ती जरूर बसवावी.

बॅटरीविषयी थोडक्यात: ती बऱ्यापैकी टिकते, संपत आल्याची सूचनाही मिळते, पण बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू इतका लहान आहे की ते काम रुग्णाला एकट्याने जमणार नाही. साफसफाई सोपी आहे. चकती कोरड्या फडक्याने पुसावी, आणि कधी धुतलीच तर पूर्ण वाळल्याशिवाय गोळ्या भरू नयेत.

स्वस्त पर्याय पुरेसे नाहीत का, असे विचारले तर काहींना ते निश्चित पुरेसे आहेत. ज्यांना दिवसातून एकदाच घ्यायची गोळी सुरू आहे, उदाहरणार्थ रासाजिलीन, त्यांनी ही डबी घेऊ नये. साधी सात कप्प्यांची डबी त्यांचे काम करेल. जे दिवसभर बाहेर असतात, नोकरी करतात, त्यांच्यासाठी मनगटावर थरथरून आठवण करणारे घड्याळ आणि खिशातली छोटी डबी अधिक सोयीची, कारण हे मोठे यंत्र पिशवीतून नेण्यासारखे नाही आणि चारचौघांत वाजणारा गजर कोणाला आवडत नाही. मोबाइलचा गजर मात्र मला कामाचा वाटत नाही. तो एका बोटाने बंद होतो, आणि बंद करताना गोळी घेतलीच जाते असे नाही. या डबीचा गजर डबी उलटी केल्यावरच थांबतो, तिचे सारे मोल या एका गोष्टीत आहे. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा लेव्होडोपा घेणाऱ्या, बहुतेक वेळ घरी असणाऱ्या आणि काही तास एकट्या राहणाऱ्या रुग्णासाठी, झुलत्या चौकटीसह, मी या प्रकाराला पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण उलटे करण्याच्या कृतीसाठी आणि जाहिरातीतल्या त्या खात्रीसाठी आहे.

ज्यांनी घ्यायचे ठरवले आहे त्यांच्यासाठी अखेरची सूचना रुग्णालयाविषयी आहे. दाखल व्हावे लागले तर डबीत भरलेल्या सुट्ट्या गोळ्या कर्मचारी बहुधा स्वीकारत नाहीत, कारण कोणती गोळी कोणती हे त्यांना ओळखता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे मूळ स्ट्रिप आणि चिठ्ठ्या कधीही फेकू नयेत. त्यांच्यासोबत एका कागदावर औषधाचे नाव, मात्रा आणि घड्याळातली नेमकी वेळ लिहून ठेवावी; नुसते दिवसातून चार वेळा असे लिहू नये, कारण मग वॉर्डच्या नेहमीच्या फेरीच्या वेळी गोळ्या दिल्या जातात. त्याच कागदावर हेही ठळक लिहावे की उलटी थांबवण्यासाठी मेटोक्लोप्रामाइड आणि अस्वस्थता शमवण्यासाठी हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामाइनचे काम अडवतात आणि कंपवाताच्या रुग्णाची लक्षणे वाढवतात, म्हणून ती देण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे. आमच्या घरी हा कागद डबीच्या खाली, झुलत्या चौकटीत अडकवलेला असतो आणि डॉक्टरांनी वेळ बदलली की डबी भरण्याआधी आई तो बदलते.